"तो म्हणाला मी उद्या येतो" हे इंग्लिशमध्ये कसं सांगायचं? रिपोर्टेड स्पीचमधल्या टेन्सची सगळी भानगड

नोकरीला लागून जेमतेम दोन महिने झाले होते. साहेब फोनवर म्हणाले, मी उद्या साइटवर येतो, तिकडे कळवून टाक. मी लगेच मेल टाकला, "सर सेड दॅट आय विल कम टुमॉरो." दुसऱ्या दिवशी साहेब गेटवर उन्हात उभे आणि सिक्युरिटीवाल्याकडे गेट पास तयार, पण माझ्या नावाचा. तिकडच्या लोकांची काही चूक नव्हती, मीच लिहिलं होतं ना की मी येणार म्हणून.

आता गंमत बघा, हेच मराठीत लिहिलं असतं तर कुणाचाही गोंधळ झाला नसता. "सर म्हणाले मी उद्या येतो" यातला "मी" म्हणजे सर, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मराठीत आपण निरोप जसाच्या तसा पोचवतो, समोरच्याच्या तोंडचं वाक्य उचलायचं आणि मागे किंवा पुढे "म्हणाला" चिकटवायचं, झालं काम. "की" लावला तरी आतल्या वाक्याला आपण बहुतेक वेळा हात लावत नाही. इंग्लिशमध्ये मात्र सांगणारा स्वतः जिथे उभा आहे तिथून सगळं वाक्य नव्याने सांगतो. "मी" कोण, "उद्या" म्हणजे कधी, "येतो" का "येणार होता", हे सगळं सांगणाऱ्याच्या जागेवरून ठरतं. शाळेत आपल्याला टेबल पाठ करायला लावतात, इज चं वॉज, विल चं वुड, पण हे का होतं ते कोणी सांगत नाही, म्हणून दहावीत मार्क मिळतात आणि ऑफिसात गेट पास चुकतो.

टिळकांचं वाक्य घ्या. "स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे आणि तो मी मिळवणारच." आता हेच दुसऱ्याला सांगताना आपण म्हणतो, टिळक म्हणाले की स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे आणि तो मी मिळवणारच. एक अक्षर बदललं नाही. इंग्लिशमध्ये ते वाक्य आहे "स्वराज इज माय बर्थराइट अँड आय शॅल हॅव इट", आणि सांगताना होतं "टिळक सेड दॅट स्वराज वॉज हिज बर्थराइट अँड दॅट ही वुड हॅव इट." माय चं हिज, आय चं ही, इज चं वॉज, शॅल चं वुड, चार बदल. आणि वॉज आलं म्हणून हक्क संपला असा अर्थ होत नाही बरं का. तो वॉज फक्त एवढंच सांगतो की हे बोलणं मागे कधीतरी झालं. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं आहे, मी माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या पोरांना पहिल्या दिवशी एवढंच सांगतो आणि टेबल दुसऱ्या दिवशी.

पहिली पायरी: आधी "म्हणाला" कुठल्या काळात आहे ते बघा

आतल्या वाक्याला हात लावायच्या आधी बाहेरचं क्रियापद बघायचं. ते सेज, विल से, किंवा हॅज सेड असं असेल तर टेन्स बदलायचाच नाही. "ही सेज, 'आय ॲम बिझी'" याचं "ही सेज दॅट ही इज बिझी" एवढंच. फोन कानाला लावून शेजारच्याला सांगताना हेच येतं, आई म्हणतेय की ती निघालीये, इथे काही मागे सरकवायचं नाही, फक्त सर्वनाम बदला. सेड, टोल्ड, आस्क्ड असं भूतकाळी असेल तरच पुढचा सगळा उद्योग. परीक्षेत घाईघाईत पोरं सेज दिसलं तरी सवयीने वॉज करून टाकतात, फुकटचा मार्क जातो.

इथेच से आणि टेल चं पण उरकून घेतो. टोल्ड आलं की कोणाला ते लगेच लागतंच. "सर टोल्ड मी दॅट" बरोबर, "सर टोल्ड दॅट" चूक, आणि ही चूक आपल्या ऑफिसांमधल्या मेलमध्ये रोज दिसते कारण मराठीत "सरांनी सांगितलं की" असं नुसतं चालतं. सेड चं उलटं, "सेड मी" नाही, एक तर "सेड टू मी" किंवा सरळ "सेड". डायरेक्ट वाक्यात, म्हणजे जसंच्या तसं बोललेल्यात, "सेड टू" असेल तर इनडायरेक्टमध्ये, म्हणजे आपण सांगतो त्यात, "टोल्ड" करायचं आणि तिथला "टू" काढायचा. टोल्ड टू मी म्हणू नका.

दुसरी पायरी: मी कोण, तू कोण

यासाठी आपल्याकडच्या क्लासवाल्यांची एक जुनी युक्ती आहे, एस-ओ-एन, म्हणजे सन, मुलगा. आतल्या वाक्यातला फर्स्ट पर्सन बाहेरच्या सब्जेक्टप्रमाणे, सेकंड पर्सन बाहेरच्या ऑब्जेक्टप्रमाणे, आणि थर्ड पर्सनला नो चेंज. "शी सेड टू मी, 'आय विल गिव्ह यू माय नोट्स'" यात आय आणि माय हे शी कडे गेले, यू हे मी कडे, म्हणून "शी टोल्ड मी दॅट शी वुड गिव्ह मी हर नोट्स." युक्ती चांगली आहे पण नुसती घोकू नका, मनात प्रश्न विचारा, नोट्स कोणाच्या? तिच्या. कोणाला देणार? मला. उत्तर आपोआप येतं. मेल पाठवताना मी हा एक प्रश्न विचारला असता तर साहेब उन्हात उभे राहिले नसते.

तिसरी पायरी: टेन्स एक पाऊल मागे

आता मुख्य काम. बोलणारा जेव्हा बोलला तेव्हा जे "आत्ता" होतं ते आपण सांगेपर्यंत "तेव्हा" झालेलं असतं, म्हणून क्रियापद एक पाऊल मागे.

साधा वर्तमानकाळ असेल तर साधा भूतकाळ. "आय वर्क इन अ बँक" चं "शी सेड शी वर्क्ड इन अ बँक." नकार असेल तर डोन्ट किंवा डझन्ट चं डिडन्ट, आणि डिडन्ट च्या पुढे क्रियापद मूळ रूपातच, "आय डोन्ट नो" चं "ही सेड ही डिडन्ट नो", डिडन्ट न्यू नाही. चालू वर्तमानकाळ, म्हणजे इज, ॲम, आर आणि आयएनजी, त्याचं वॉज किंवा वेअर आणि आयएनजी. हे दोन्ही कोणाला फारसे अडत नाहीत.

अडतं ते हॅव आणि हॅज पाशी. "तो म्हणाला मी जेवलोय" हे वाक्य घ्या. "जेवलोय" म्हणजे पूर्ण वर्तमानकाळ, हॅव ईटन. मराठीत ते "जेवलोय" च राहतं, म्हणून पोरं लिहितात "ही सेड दॅट ही हॅज ईटन." पाहिजे "ही सेड दॅट ही हॅड ईटन." मी असं सांगतो की मराठीतून इंग्लिश करायच्या आधी त्या वाक्याला मनातल्या मनात "होता" लावून बघा. तो म्हणाला तेव्हा तो जेवला होता. निघालीये असेल तर ती तेव्हा निघाली होती. "होता" बसला की हॅड, आणि हॅड च्या पुढे तिसरं रूप, हॅड गॉन, हॅड सीन, हॅड टेकन. हॅड वेन्ट लिहिणारे दर बॅचला दोन तरी निघतात. हॅव बीन वेटिंग असेल तर हॅड बीन वेटिंग, तिथे फक्त हॅव चं हॅड.

साधा भूतकाळ पण हॅड मध्येच जातो. "आय लॉस्ट माय की" चं "ही सेड ही हॅड लॉस्ट हिज की." म्हणजे "आय हॅव लॉस्ट" असो, "आय लॉस्ट" असो, नाहीतर आधीपासूनच "आय हॅड लॉस्ट" असो, तिघांचं उत्तर एकच, हॅड लॉस्ट. हॅड च्या मागे जायला इंग्लिशमध्ये पायरीच नाही, म्हणून सगळे तिथेच येऊन थांबतात. यामुळे उलटा प्रश्न आला, म्हणजे इनडायरेक्टचं डायरेक्ट करा, तर हॅड बघून गोंधळू नका, तीनही उत्तरं व्याकरणात बसतात, संदर्भ बघून निवडायचं. आणि एक सवलत पण आहे, आधीचं कोणतं आणि नंतरचं कोणतं हे वाक्यातून स्पष्ट असेल तर रोजच्या इंग्लिशमध्ये साधा भूतकाळ तसाच ठेवतात. "शी सेड शी वॉज बॉर्न इन 1990", इथे हॅड बीन बॉर्न कोणी म्हणत नाही. "आय वॉज स्लीपिंग व्हेन यू कॉल्ड" याचं पण "ही सेड ही वॉज स्लीपिंग व्हेन आय कॉल्ड" अगदी नीट चालतं. परीक्षेत मात्र तपासणारा टेबलवाला असू शकतो, तिथे हॅड लिहा आणि मोकळे व्हा.

विल, कॅन आणि त्यांची भावंडं

विल चं वुड, कॅन चं कुड, मे चं माइट. वुड वरून आपल्याकडे एक वेगळाच घोळ होतो, कारण शाळेत वुड म्हणजे "असतं" असं शिकलेलं असतं, ती आली असती, मी केलं असतं वगैरे. मग "शी सेड शी वुड कम" वाचलं की वाटतं ती आली नाही की काय. तसं काही नाही. इथला वुड म्हणजे मागे उभं राहून बघितलेला विल, ती म्हणाली मी येईन, बस. आली का नाही ते या वाक्यात कळतच नाही. "आली असती" साठी वुड हॅव कम लागतं.

मस्ट जरा नखरेल आहे. "आय मस्ट गो" म्हणजे जायलाच पाहिजे, याचं "ही सेड ही हॅड टू गो." पण अंदाजाचा मस्ट, जसं "यू मस्ट बी टायर्ड", दमला असशील, तो मस्ट तसाच राहतो, "शी सेड आय मस्ट बी टायर्ड." आणि मस्ट नॉट चं कधीही डिडन्ट हॅव टू करू नका, अर्थ उलटा होतो. "यू मस्ट नॉट टच धिस" म्हणजे हात लावायचा नाही, आणि "आय डिडन्ट हॅव टू टच इट" म्हणजे हात लावायची गरज नव्हती. तिथे मस्ट नॉट तसंच ठेवा, नाहीतर सरळ "ही टोल्ड मी नॉट टू टच इट" करा, हे मला जास्त आवडतं.

कुड, वुड, शुड, माइट, ऑट टू, यूज्ड टू, हॅड बेटर, यांना हात लावायचा नाही.

कधी बदलायचं नाही

शाळेतला नियम असा की कायमचं सत्य असेल तर टेन्स तसाच, पृथ्वी सूर्याभोवती फिरते वगैरे. "द टीचर सेड दॅट द अर्थ मूव्ज राउंड द सन." बरोबर आहे, पेपरात असंच लिहा. पण हा नियम खरं तर एका मोठ्या गोष्टीचा छोटा तुकडा आहे. जे अजूनही खरं आहे ते तुम्ही वर्तमानात ठेवू शकता, बदललं तरी चूक नाही. "शी सेड शी लिव्ज इन सांगली" आणि "शी सेड शी लिव्ड इन सांगली" दोन्ही चालतात.

मग फरक काय? वर्तमानात ठेवलं की ती गोष्ट आत्ताही खरी आहे असं तुम्ही पण धरून चालताय. मागे सरकवलं की ते तिचं म्हणणं होतं, तुमचा काही संबंध नाही. आपल्याकडे यासाठी "म्हणे" आहे ना, ती सांगलीला राहते म्हणे. इंग्लिशचा वॉज आणि वुड अगदी "म्हणे" इतका खवचट नाही, पण त्याच दिशेला बोट दाखवतो. म्हणून इंग्लिश पेपरात बातम्या बघा, "द मिनिस्टर सेड द ब्रिज वॉज सेफ", "द कंपनी सेड इट वुड पे द ड्यूज". पूल सुरक्षित आहे असं पेपरवाला म्हणत नाहीये, मंत्री म्हणाले एवढंच. ऑफिसात मीटिंगचे मिनिट्स लिहिताना हे फार कामाला येतं, "द व्हेंडर सेड द मटेरियल वॉज रेडी" लिहिलं की उद्या माल तयार नसला तर तुम्ही सुटलात, "इज रेडी" लिहिलंत तर तुम्ही पण थोडे अडकलात.

तसंच तो म्हणाला आणि तुम्ही लगेच सांगताय, गोष्ट अजून व्हायची आहे, तर बोलताना "ही सेड ही विल कॉल टुमॉरो" पण ऐकू येतं आणि ते चूक नाही.

इफ च्या वाक्यांमध्ये दोन जाती. खरंच होऊ शकेल असं असेल तर बदला, "इफ इट रेन्स, वी विल स्टे होम" चं "दे सेड दॅट इफ इट रेन्ड, दे वुड स्टे होम." आणि नुसते मनातले मांडे असतील, "इफ आय हॅड मनी, आय वुड बाय अ फ्लॅट", तर टेन्स आहे तिथेच, फक्त सर्वनाम बदला, कारण तो हॅड काळ दाखवतच नाही, पैसे नाहीयेत एवढंच दाखवतो. आय विश च्या मागून येणारा भूतकाळ पण याच जातीचा.

आज, उद्या, इथे, हे

नाऊ चं देन, टुडे चं दॅट डे, टुमॉरो चं द नेक्स्ट डे, यस्टरडे चं द प्रीव्हियस डे किंवा द डे बिफोर, टुनाइट चं दॅट नाइट, अगो चं बिफोर, लास्ट वीक चं द वीक बिफोर, हिअर चं देअर, धिस चं दॅट. पाठ करा, पण डोकं चालू ठेवून वापरा. सकाळी बॉस म्हणाले "आय विल बी लेट टुडे" आणि तुम्ही दुपारी सांगताय तर टुडे च ठेवा, दॅट डे म्हणालात तर लोक विचारतील कुठला दिवस. तुम्ही त्याच खोलीत असाल तर हिअर पण हिअरच. सोमवारी कोणी "टुमॉरो" म्हणालं आणि तुम्ही गुरुवारी सांगताय तर मात्र द नेक्स्ट डे किंवा सरळ ऑन ट्यूजडे. मेलमध्ये तर मी वार आणि तारीखच टाकतो, कटकट नको.

प्रश्न आणि हुकूम

प्रश्नात टेन्सचे नियम तेच, पण प्रश्नाची रचना मोडून साधं वाक्य करायचं आणि प्रश्नचिन्ह काढायचं. "व्हेअर डू यू लिव्ह?" चं "ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ड." डू गेलं, मागे गेलेला काळ लिव्ड वर आला. "व्हेअर डिड आय लिव्ह" असं लिहिलंत तर तो पुन्हा प्रश्नच झाला. मराठीत "तू कुठे राहतोस" ची रचना विचारताना आणि सांगताना सारखीच, म्हणून आपल्याला हा फरक जाणवतच नाही. हो-नाही वाला प्रश्न असेल, ज्याला आपण शेवटी "का" लावतो, तर इफ किंवा व्हेदर. "आर यू कमिंग?" चं "शी आस्क्ड मी इफ आय वॉज कमिंग." आस्क्ड दॅट इफ असं दोन्ही एकत्र घालू नका, "की" आणि "का" दोन्ही मराठीत जमतात, इंग्लिशमध्ये नाही.

हुकूम आणि विनंतीला टेन्सच नाही, टू लावा आणि सुटा. "वेट हिअर" चं "ही टोल्ड मी टू वेट देअर", डोन्ट असेल तर नॉट टू. लेट्स असेल तर सजेस्टेड, "शी सजेस्टेड गोइंग बाय ट्रेन", सजेस्टेड मी टू गो नाही. आणि ते हुर्रे, अलास वालं, एक्सक्लेम्ड विथ जॉय, ते फक्त पेपरापुरतं, आयुष्यात मी कोणाला एक्सक्लेम्ड विथ सॉरो म्हणताना ऐकलेलं नाही.

आता एक अख्खा फोन करून बघू

समजा मैत्रिणीचा सकाळी फोन आला, तुम्ही दोन दिवसांनी टीमला मेल लिहिताय. ती म्हणाली, "आय ॲम स्टक ॲट दादर. द लोकल हॅज स्टॉप्ड. आय कान्ट रीच बाय टेन. डिड यू स्टार्ट द मीटिंग? डोन्ट वेट फॉर मी. आय विल कॉल यू टुमॉरो."

एकेक तुकडा घ्या. फोन होऊन गेलाय, म्हणजे सेड, म्हणजे सगळं मागे जाणार. आय म्हणजे ती. ॲम चं वॉज, हॅज स्टॉप्ड चं हॅड स्टॉप्ड, कान्ट चं कुडन्ट. डिड यू स्टार्ट हा "का" वाला प्रश्न, म्हणून इफ, यू म्हणजे इथे आमची टीम म्हणून वी, आणि डिड स्टार्ट चं हॅड स्टार्टेड. डोन्ट वेट चं नॉट टू वेट, मी चं हर. विल चं वुड, टुमॉरो चं द नेक्स्ट डे.

जोडून होतं, "शी सेड शी वॉज स्टक ॲट दादर, द लोकल हॅड स्टॉप्ड अँड शी कुडन्ट रीच बाय टेन. शी आस्क्ड इफ वी हॅड स्टार्टेड द मीटिंग अँड टोल्ड मी नॉट टू वेट फॉर हर. शी ॲडेड दॅट शी वुड कॉल मी द नेक्स्ट डे."

दर वाक्याला शी सेड, शी सेड करत बसायचं नाही, एकदा सेड, मग आस्क्ड, टोल्ड, ॲडेड. आणि यू चं वी झालं ते एस-ओ-एन ने आलं नसतं बरं का, त्याने मी किंवा आय आलं असतं, पण मीटिंग काही मी एकट्याने सुरू करणार नव्हतो.

सरावासाठी वेगळं पुस्तक घ्यायची गरज नाही. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येणारे व्हॉइस मेसेज घ्या, मावशीचा, काकांचा, रोज एक, आणि तो इंग्लिशमध्ये तिसऱ्याला सांगतोय असं समजून वहीत चार ओळी लिहा. मावशीच्या एका मेसेजमध्ये तक्रार, प्रश्न, हुकूम आणि उद्याचा बेत सगळंच असतं, एवढं मटेरियल कुठल्या गाइडमध्ये मिळणार.